एअर इंडियाची ७०७ घेण्याआधी मापपट्टी काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९५० ते १९८० या काळातली प्रवासी विमानं डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, मॉडेलांत जमवायची आहेत आणि सुरुवात एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्सपासून करायची आहे. १:४०० (खऱ्या विमानाच्या चारशेव्या भागाएवढं) घ्यावं की १:२००? चांगलं मॉडेल ओळखायचं कसं? आणि मुंबईच्या दमट हवेत ही मॉडेलं टिकतात का?

टिकतात, पण त्यासाठी थोडी शिस्त लागते. प्रमाण घरातल्या जागेवरून ठरवा. खरी पारख लागते ती साच्यात. नवखा माणूस लिव्हरी, म्हणजे कंपनीची रंगसजावट, पाहून भुलतो: लाल पट्टा, शेपटीवरचा सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा), खिडक्यांवरच्या महिरपी. रंग कोणत्याही साच्यावर चढवता येतो. साचा चुकीचा असेल तर ते दुसऱ्याच विमानाला घातलेले एअर इंडियाचे कपडे होतात.

आधी प्रमाणाचं उरकून घेऊ. ७०७-३२० ची लांबी ४६.६१ मीटर. म्हणजे १:४०० मध्ये साधारण ११.७ सेंटीमीटर आणि १:२०० मध्ये २३.३. जंबो ७४७-२०० ची लांबी ७०.६ मीटर आणि पंखांचा विस्तार ५९.६ मीटर. ते १:४०० मध्ये १७.७ बाय १४.९ सेंटीमीटर भरतं, तर १:२०० मध्ये ३५.३ बाय २९.८. आता कपाट मोजा. ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल फळीवर १:४०० ची चौदा ७०७ दोन रांगांत बसतात. तेवढ्याच जागेत १:२०० ची चारच मावतात, आणि १:२०० चा जंबो सरळ ठेवला तर त्याचं नाक काचेला लागतं. उलट डकोटासारखी (डीसी-३) छोटी विमानं १:४०० मध्ये फारच किरकोळ दिसतात. डीसी-३ पाच सेंटीमीटर लांबही भरत नाही आणि तिचे पंखे (प्रोपेलर) डोळे बारीक करून शोधावे लागतात. म्हणून बरेच जण जेट १:४०० मध्ये आणि पंख्यांची विमानं १:२०० मध्ये घेतात. ही वाटणी शहाणपणाची आहे. मात्र एकाच फळीवर दोन प्रमाणं मिसळू नका. डकोटा जंबोच्या शेजारी तिच्या मापाची दिसली नाही तर संग्रहाची गंमतच जाते.

हेर्पाचं १:५०० आणि जुन्या शाबाकचं १:६०० ही जर्मन परंपरा आहे. जुन्या विमान कंपन्यांची विविधता तिथेही सापडते, पण तपशील अर्थातच कमी. कॉर्गीच्या एव्हिएशन आर्काइव्ह मालिकेतली १:१४४ ची विमानं वजनदार आणि देखणी असतात. फक्त त्या मापात पूर्ण संग्रह करायचा तर एक खोली लागेल.

आता साच्याकडे वळू, आणि उदाहरण ७०७ चंच घेऊ, कारण सगळ्यांत जास्त फसगत तिथे होते. बोइंग प्रत्येक ग्राहकाला एक सांकेतिक अंक देत असे आणि एअर इंडियाचा अंक ३७. त्यामुळे ७०७-४३७, ७०७-३३७, ७४७-२३७, ७४७-४३७ अशी नावं दिसतात. यातला पहिला अंक मालिकेचा. ७०७-४३७ म्हणजे ४२० मालिकेचं विमान, रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनांचं. १९६० मध्ये एअर इंडियाकडे आली ती ही विमानं. पुढे आलेली ७०७-३३७बी आणि ३३७सी ही ३२०बी/सी कुळातली, प्रॅट अँड व्हिटनी जेटी३डी इंजिनांची. दुकानात दोन्हींवर लिहिलेलं असतं फक्त ‘एअर इंडिया बोइंग ७०७’.

दोन्हींतला फरक इंजिनांवरून लगेच कळतो. जेटी३डी मध्ये पुढे मोठा पंखा असतो, म्हणून इंजिनाचं आवरण पुढे जाड असतं आणि थोडं मागे गेलं की पायरी पडल्यासारखं बारीक होतं. कॉनवेमध्ये बाहेरून वळवलेल्या हवेचं प्रमाण फार कमी, त्यामुळे आवरण पुढून मागेपर्यंत एकसारखं लांबट. शेवटी आवाज कमी करण्यासाठीची पाकळ्यापाकळ्यांची नळी असते. साठीच्या सुरुवातीची लिव्हरी, नोंदणी (विमानाच्या अंगावर लिहिलेला त्याचा क्रमांक) व्हीटी-डीजे... ने सुरू होणारी, आणि इंजिनं मात्र जाड तोंडाची, असं दिसलं तर कंपनीने ३२०बी चा साचा तसाच वापरला आहे.

दुसरी खूण पंखांची. ४२० मालिकेचा विस्तार ४३.४१ मीटर, तर ३२०बी/सी चा ४४.४२ मीटर. कारण तिथे पंखांची टोकं नव्या आकाराची आणि लांब केली होती. म्हणजे १:४०० मध्ये १०८.५ आणि १११ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, डिजिटल व्हर्नियर कॅलिपरला कळतो. १:२०० मध्ये तो पाच मिलिमीटर होतो आणि साध्या पट्टीवरही दिसतो. व्हर्नियरचे जबडे रंगावर ओढू नका. टोकांना कागदाच्या दोन चिठ्ठ्या लावून मधलं अंतर मोजा.

तिसरी खूण फार थोडे जण पाहतात. प्रवासी केबिनमध्ये हवेचा दाब ठेवण्यासाठी ७०७ वर इंजिनांना जोडलेले टर्बोकॉम्प्रेसर असत आणि त्यांचं छोटं तोंड इंजिनाच्या वर, इंजिन पंखाला जोडणाऱ्या खांबाच्या पुढच्या भागात दिसतं. अनेक ७०७ वर डावीकडच्या सगळ्यांत बाहेरच्या, म्हणजे एक नंबरच्या इंजिनावर ते नसे. त्यामुळे तो खांब बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा दिसतो. ज्या साच्यात हा फरक केलेला असतो, तो बनवणाऱ्याने खरं विमान नीट पाहिलेलं असतं. चारही खांब सारखेच असले तर बाकीच्या गोष्टीही संशयाने तपासा.

शेपटीच्या बाबतीत तारीख पाहा. ब्रिटिश प्रमाणन अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून बोइंगने ७०७ ची शेपूट उंच केली आणि शेपटीखाली पोटालाही एक छोटा उभा पंख दिला. मॉडेलवर जी नोंदणी छापली आहे, त्याच विमानाचा त्याच काळातला फोटो शोधा आणि शेपूट ताडून बघा. नोंदणी न पाहता ‘साधारण असंच होतं’ म्हणून घेतलेलं मॉडेल पुढे हमखास खुपतं. १९६६ च्या जानेवारीत माँ ब्लांवर कोसळलेलं ‘कांचनजंगा’, व्हीटी-डीएमएन, हे ७०७-४३७ होतं. होमी भाभा त्याच विमानात होते. त्या नोंदणीचं मॉडेल जेटी३डी इंजिनांसह कुणी विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

जंबोची तपासणी सोपी आहे. १९७१ मध्ये आलेलं ‘एम्परर अशोक’, व्हीटी-ईबीडी, हे ७४७-२३७बी. सुरुवातीच्या ७४७ वर वरच्या मजल्याला प्रत्येक बाजूला तीनच खिडक्या असत, नंतरच्यांवर दहा. इंजिनं जेटी९डी. सुरुवातीच्या आवरणांवर तोंडाभोवती हवा आत घेणारी छोटी दारं असत, ती चांगल्या साच्यात कोरलेली किंवा निदान छापलेली दिसतात. ३०० मालिकेपासून वरचा मजला सुमारे सात मीटरने लांबला, म्हणजे १:४०० मध्ये पावणेदोन सेंटीमीटर. हा फरक कुणालाही दिसतो. खरी परीक्षा छपाईची आहे. खिडक्यांभोवतीच्या त्या लाल झरोक्याच्या महिरपी १:४०० मध्ये जेमतेम मिलिमीटरभराच्या. पॅड प्रिंटिंगचा (मऊ गादीने रंग उमटवण्याच्या छपाईचा) एक रंग दुसऱ्यावर पाव मिलिमीटर सरकला की सगळी ओळ दारूच्या नशेत असल्यासारखी दिसते. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे जवळचे फोटो मागा. एकच बाजू चांगली छापली जाणं नेहमीचं आहे.

लॉकहीडच्या चार पंख्यांच्या कॉन्स्टेलेशन विमानात एक ढोबळ चूक वारंवार दिसते. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालेली ‘मलाबार प्रिन्सेस’ ही एल-७४९ होती. सुपर कॉन्स्टेलेशन म्हणजे एल-१०४९ ही तिच्याहून साडेपाच मीटर लांब. खूण खिडक्यांची: ७४९ च्या गोल, १०४९ च्या चौकोनी. १:२०० मध्ये पहिली साडेचौदा सेंटीमीटर, दुसरी सव्वासतरा. पंखांच्या टोकांच्या इंधनाच्या टाक्या १०४९जी वर ऐच्छिक होत्या, म्हणून त्या असणं किंवा नसणं दोन्ही बरोबर असू शकतं. तिथे पुन्हा नोंदणीचा फोटोच कामाला येतो. पंख्यांना तीनच पाती हवीत. चार पाती दिसली तर ते पंखे दुसऱ्या मॉडेलवरून आणून लावलेले आहेत.

इंडियन एअरलाइन्सची कॅराव्हेल आणि व्हायकाउंट मिळाली तर सोडू नका, ती कमी निघतात. कॅराव्हेलच्या खिडक्या गोलाई दिलेल्या त्रिकोणी आणि व्हायकाउंटच्या मोठ्या, लंबगोल. स्वस्त छपाईत दोन्हींना तेच गोल ठिपके मारलेले असतात. कॅराव्हेल, ७२७, डीसी-९ अशा मागे इंजिन असलेल्या विमानांत आणखी एक खोड असते. धातूचं वजन मागे जातं आणि मॉडेल शेपटीवर बसतं. घेताना सपाट काचेवर ठेवून पुढचं चाक टेकतं का ते पाहा. टेकत नसेल तर चाक वाकवू नका, स्टँड वापरा. नाक आतून भरीव असल्याने तिथे वजन भरायला जागाच नसते.

मॉडेल हातात आल्यावर आणखी काय पाहायचं? पहिलं म्हणजे पंख आणि धड यांचा सांधा. जुन्या साच्यांत दोन पंख वेगवेगळे घुसवलेले असत आणि मुळाशी फट दिसे. काही कंपन्या दोन्ही पंख आणि पोटाचा भाग एकाच तुकड्यात ओततात आणि तो खालून बसवतात. फट मग पोटाच्या वळणात लपते. पण घाईत बसवला तर एक पंख वर आणि एक खाली होतो. मॉडेल समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि दोन्ही बाहेरच्या इंजिनांची काचेपासूनची उंची मोजा. १:४०० मध्ये अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालेल, त्याहून जास्त असेल तर परत करा. दुसरं म्हणजे कोरलेल्या रेषा. खोल रेषा म्हणजे बारकावा असा गैरसमज आहे. ०.२ मिलिमीटरची रेषा १:४०० मध्ये खऱ्या विमानावरच्या आठ सेंटीमीटरच्या भेगेएवढी होते! एवढी भेग असलेलं विमान कुणी उडवलं नसतं. साठीच्या दशकातल्या चकचकीत पत्र्याच्या पोटाला नाजूक छापलेल्या रेषाच शोभतात.

धातू ओळखायला चुंबक लावणारे भेटतात. डाय-कास्टचा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, झामॅक. त्यात सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही. चाकांच्या आसाची पोलादी तार तेवढी चिकटेल. प्लास्टिक आहे की धातू हे वजनावरून आणि हाताला लागणाऱ्या गारव्यावरून समजतं. इंजिनं, चाकांचे पाय, अँटेना यांत प्लास्टिक असतंच, तो दोष नव्हे.

जस्ताचा खरा शत्रू आतला आहे. ओतताना शिसं, कॅडमियम किंवा कथील अगदी थोडं जरी मिसळलं तरी कणाकणांच्या सीमांवर गंज आत शिरतो. आजच्या मानकात शिशाची मर्यादा टक्क्याच्या दोनशेव्या भागाइतकी आहे, त्यावरून कल्पना करा. दमटपणा आणि उष्णता त्याला वेग देतात. आधी रंगाखाली जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, मग धातू फुगतो, पंख लवतो आणि एक दिवस हातात तुकडा येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी खेळण्यांत, म्हणजे लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीच्या विमानांत, हा रोग फार दिसतो. युद्धानंतरची व्हायकाउंट, कॉमेट, कॅराव्हेल त्यामानाने निर्धास्त घेता येतात. रोगाला औषध नाही. कोरडं आणि थंड ठेवलं तर वेग मंदावतो, एवढंच. तो शेजारच्या मॉडेलला लागत नाही, त्यामुळे घाबरून सगळं कपाट रिकामं करू नका. मात्र रंग न लागलेल्या जागी नुसती पांढरी भुकटी दिसली तर ती हा रोग असेलच असं नाही. तो बाहेरून, ओलाव्याने आलेला जस्ताचा पांढरा गंज. कोरड्या मऊ ब्रशने निघाली आणि खाली धातू गुळगुळीत असला तर चिंता नको.

मुंबई आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज जाते, शिवाय समुद्राचा खार असतो. कपाट काचेचं आणि दरवाजांना रबरी पट्टी असलेलं घ्या. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० च्या दरम्यान आणायचा प्रयत्न करा. पावसाळ्यात ५५ मिळालं तरी समाधान माना. सिलिका जेल लागतं ते पुड्यांनी नव्हे, वजनाने. खोक्यात बंद मॉडेलांसाठी दहा लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला ५० ग्रॅम पुरतं. कपाटाला जास्त लागतं, कारण ते श्वास घेतं. नारिंगी रंगाचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा.

एसीची सवय असेल तर एक काळजी घ्या. रात्रभर गार झालेल्या खोलीची खिडकी सकाळी उघडली की बाहेरची दमट हवा थंड धातूवर दव धरते. मॉडेलच्या दृष्टीने कधी एसी तर कधी खिडकी यापेक्षा बंद कपाट बरं.

डांबराच्या गोळ्या कपाटात अजिबात नकोत. नॅफ्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे भाग मऊ पडतात आणि इंजिनं चिकट होतात. नव्या प्लायवुडच्या कपाटाला फेव्हिकॉलचा वास येत असेपर्यंत मॉडेलं आत ठेवू नका. लाकूड आणि गोंदातून सुटणारी आम्लं जस्ताला मानवत नाहीत. महिना-दीड महिना दारं उघडी ठेवली की पुरे. मूळ खोक्यातला फोम दर वर्षी बोटाने दाबून बघा. जुना पॉलियुरेथेन फोम चिकट होऊन रंगाला धरतो, म्हणून मध्ये आम्लविरहित टिश्यू घाला. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर उन्हाळ्यात गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. आणि खिडकीसमोर कपाट नको. ऊन लागलं की पांढरा रंग पिवळा पडतो, लाल विटतो, आणि एअर इंडियाच्या मॉडेलवर लालच तर सगळं आहे.

धूळ मऊ मेकअप ब्रशने किंवा हवेच्या फुग्याने काढा. डाग असेल तर शुद्ध पाण्यात किंचित ओला केलेला कापसाचा बोळा पुरतो. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी छपाई उतरते, सर्वांत आधी नोंदणी. चकचकीत पत्र्याच्या फिनिशवर बोटांचे ठसे कायमचे राहू शकतात, म्हणून तिथे सुती हातमोजे घाला. मात्र पंख्याची विमानं हातमोज्याने धरू नका, धागा पात्यात अडकून पातं तुटतं. तुटलंच तर झटपट चिकटणारं सायनोअॅक्रिलेट वापरायचा मोह टाळा. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धुकं बसतं. अँटेनासाठी पांढरा गोंद पुरतो. चाकाच्या पायासाठी पाच मिनिटांचं इपॉक्सी लागतं, आणि पाय मुळातून तुटला असेल तर अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र पाडून आत तारेचा तुकडा घालावा लागतो.

परदेशातून मागवताना किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच हिशोब करा. दर बदलत असतात, मागवण्याच्या आठवड्यात पाहून घ्या. ‘गिफ्ट लिहा’ हा सल्ला जुना झाला. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली आणि राखीसारखे मोजके अपवाद उरले. शिवाय जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे पार्सलवर ‘टॉय’ लिहिलेलं असलं की अडकण्याची शक्यता वाढते. संग्राहकांसाठीच्या मॉडेलच्या खोक्यावर बहुधा चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी असं छापलेलं असतं. विक्रेत्याला बीजकावर ‘प्रौढ संग्राहकांसाठी डाय-कास्ट स्केल मॉडेल’ असं खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. किंमत कमी दाखवायला लावू नका, कारण वाटेत नुकसान झालं तर भरपाईही तेवढीच मिळते. पॅकिंगबद्दलही आधीच लिहा: खोक्याभोवती सर्व बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भरणी आणि बाहेर दुहेरी पुठ्ठा. पार्सल आलं की खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास तसंच राहू द्या, मग उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. चाकं मोजा, ७०७ ची दहा आणि जंबोची अठरा. तुटलेलं चाक बहुधा प्लास्टिकच्या साच्याच्या खोबणीत पडलेलं असतं, खोकं फेकण्याआधी तिथे बघा.